जागा धरणारा आवाज

सदाशिव पेठ, पुणे
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय राधाताई,

फोनवर आपण परवाच बोललो, पण श्रीधरमामांचा नियम तू मोडत नाहीस आणि मलाही मोडवत नाही. गाण्याबद्दल तोंडाने बोलायचं नाही, लिहायचं. अकोल्याच्या कॅसेटच्या दुकानात मामा नव्या गाण्यांची कव्हरं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे. कोण गातंय हे आपल्याला कळू नये म्हणून. सगळी गाणी संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि मग पाठकोऱ्या बिलांवर प्रत्येकाने आपलं मत लिहायचं. मी 'छान आहे' लिहिलं की मामा कागद परत करायचे. म्हणायचे, "छान म्हणजे काय?" त्या प्रश्नाची भीती अजून गेलेली नाही.

रविवारच्या पुरवणीत हिंदी सिनेमांच्या नव्या गाण्यांवर लिहायला लागून मला आता वर्ष होईल. मी मामांच्याच पद्धतीने चालते. आमची उपसंपादक निकिता मला नुसती गाणी पाठवते, एक, दोन, तीन असे नंबर घालून. नावं मी बघत नाही. लेख गेला की नावांची चौकट तीच भरते. मोठे आवाज ओळखू येतात, त्याला इलाज नाही. पण नव्या माणसाला तरी न्याय मिळावा. ऑफिसात सगळे हसतात. संपादक योगेश सर म्हणाले, "वा, पट्टी बांधून न्यायदान!"

मागच्या रविवारी एका गाण्याला मी 'कोरडं' म्हटलं. तेव्हापासून तो शब्द छळतोय. गाणं कोरडं होतं, की त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं? पुन्हा ऐकलं. कोरडंच होतं. तरी.

निकिता विचारत होती, तुझी मामेबहीण मुंबईत नक्की काय गाते? मी सांगितलं, स्क्रॅच. म्हणजे मोठी गायिका येण्याआधी निर्मात्याला चाल ऐकवायला जो आवाज भरतात तो. मग मोठी गायिका येते आणि आधीचा आवाज पुसतात. ती म्हणाली, "म्हणजे तिचं एकही गाणं कुणी ऐकलेलं नाही?" तू काय उत्तर देतेस अशा वेळी?

तुझी,
उत्कर्षा

∗

गोरेगाव, मुंबई
१२ फेब्रुवारी २०२४

उत्कू,

तुझं ते 'तरी' वाचून हसू आलं. अगं, गाणं कोरडं होतं, तू कोरडं लिहिलंस, संपलं. काहून एवढा जीव जाळतेस? लहानपणीही तू मत लिहिल्यावर पुन्हा कागद मागायचीस, एक शब्द बदलायला. बाबा द्यायचे नाहीत.

निकिताला सांग, माझी गाणी खूप लोकांनी ऐकलीत. निर्माता, त्याची बायको, त्याच्या बायकोचा भाऊ. त्यांना आवडलं की गाणं पास, आणि गाणं पास झालं की मी घरी.

थट्टा राहू दे. काम नियमित आहे, सार्थकदादा चांगला संगीतकार आहे, वेळेवर बोलावतो. फक्त एक गंमत होते. तो सांगतो, "हे अमक्या मॅडमसाठी आहे, त्यांच्यासारखा श्वास सोडत म्हण." मी म्हणते. दुसऱ्या दिवशी वेगळ्या मॅडम, मग श्वास आत. आता भांडी घासताना गुणगुणायला लागले की थांबते आणि बघते, आज कोण आलंय?

आता एक काम. 'मिलने का समय' नावाच्या सिनेमाची गाणी या पंधरवड्यात येतील. तुझ्याकडे परीक्षणाला येतीलच. ती नीट ऐक. अकोल्यासारखी. यापुढे मला काही विचारू नकोस. विचारलंस तर मी सांगेन आणि मग तुझं मत वाया जाईल.

आणि डोकं दुखत असेल त्या दिवशी ऐकू नकोस!

राधा

∗

सदाशिव पेठ, पुणे
२३ फेब्रुवारी २०२४

प्रिय राधाताई,

'मिलने का समय'वरचा लेख आज दिला. तू विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारत नाही, पण मी ओळखलंय. यातलं स्क्रॅच तुझं होतं आणि यावेळी आपला आवाज राहील असं तुला वाटलं होतं. मग नेहमीसारखंच झालं. बरोबर ना?

तिसरं गाणं सुरू झालं आणि माझी खात्री पटली. अंगाईच्या चालीचं, संथ, वाद्यं अगदी थोडी. असं गाणं म्हणजे तू. आणि तुझ्या जागी त्यांनी कुणाला आणलंय? सुरात आहे, सफाई आहे, आणि आत कुणीच नाही. मी सात-आठ वेळा ऐकलं. काय लिहू कळेना. मग एकदम हे सुचलं, जसंच्या तसं उतरवते:

"या गाण्यात गायिका स्वतः हजरच नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसं तिने हे गाणं दुसऱ्या कुणासाठी तरी धरून ठेवलं आहे. ज्यांच्यासाठी धरलं त्या आल्या नाहीत, आणि गाडी सुटली."

योगेश सर मोठ्याने हसले. सर हसतात हे ऑफिसला आजच कळलं. ते वाक्य त्यांनी चौकट करून वर घेतलंय आणि वेबसाइटवर मथळाच तो. निकिता म्हणाली, "तू एवढी खवचट आहेस हे माहीत नव्हतं." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शब्दाशब्दाची काळजी करते म्हणून वर्षभर सगळे मला काळजीवाहू म्हणत होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. ही जागा तुझी होती, हा विचार ऐकताना मनात होता. त्यामुळे माझं मत कडू झालं का, हे मी तपासलं. झालं नाही असं वाटतं. गाण्यात खरंच कुणी नाही.

रविवारी छापून येईल. वाचून तुलाही थोडं बरं वाटेल.

तुझी,
उत्कर्षा

∗

पुणे
२५ फेब्रुवारी, रविवार

राधाताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय.

सकाळी मंडईत गेले होते. पेपर तिथेच घेतला आणि भाजीवाल्या मावशींच्या पाटीशेजारी उभी राहून उघडला, माझं वाक्य बघायला. ते वाक्य वर मोठ्या अक्षरात होतं. खाली निकिताने भरलेली नावांची चौकट. गीत तिसरे: राधा श्रीधर उमाळे.

मावशी म्हणाल्या, "काय ताई, कोण गेलं का?"

निकिताला फोन केला. ती म्हणाली, "मला काय माहीत ती तुझी राधाताई? तूच बजावलं होतंस, काही झालं तरी नावं दाखवायची नाहीत." तिची काही चूक नाही.

शुक्रवारी टाकलेलं पत्र तुला अजून मिळालं नसेल. ते उघडू नकोस. कृपा करून उघडू नकोस. त्यातला शेवटचा परिच्छेद तर नकोच.

मी तुझा आवाज ओळखला नाही, ताई. हे कसं झालं, मला कळत नाही.

उत्कर्षा

∗

अकोला
५ मार्च २०२४

चि. उत्कर्षा हिला आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला. तू जेवत नाहीस असं कळलं. न जेवल्याने छापलेलं परत येत नाही, तेव्हा जेव.

राधाने मलाही सांगितलं नव्हतं. तिला आपल्या दोघांकडून कोरं मत हवं होतं. मी ते गाणं तुझा लेख वाचल्यावर ऐकलं, म्हणजे नाव माहीत असताना. तरी मला माझी मुलगी ओळखू आली नाही. मग तू कशी ओळखणार होतीस?

दुकानात गिऱ्हाईक आलं की मी तिला नकला करायला लावायचो, आठवतं? आज या गायिकेसारखं म्हण, उद्या त्या. लोक कौतुक करायचे, मी खूश व्हायचो. तुमच्यासाठी कव्हरावरची नावं झाकत होतो आणि माझ्याच पोरीला दुसऱ्यांच्या नावाने गायला शिकवत होतो. हे त्या वेळी सुचलं नाही.

तुझं परीक्षण बरोबर आहे. तसं लिहायला मीच शिकवलं, त्यामुळे राग कुणावर काढावा हा प्रश्न आहे. मात्र एक सांगतो. रुमालाचं वाक्य नसतं तरी परीक्षण पुरं झालं असतं. बाकीचा लेख गाण्याबद्दल आहे. ते वाक्य हसणाऱ्यांसाठी आहे.

राधा मलाही फोनवर "बरी आहे" एवढंच म्हणते. तिच्या मागे लागू नकोस. पत्र ती लिहील.

श्रीधरमामा

∗

गोरेगाव, मुंबई
१४ मार्च २०२४

उत्कर्षा,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. मी तारखेप्रमाणे उघडली. त्यामुळे 'उघडू नकोस' हे उघडल्यानंतर कळलं.

काय झालं ते नीट सांगते, नाहीतर तू भलतंसलतं मनात आणशील. या सिनेमाच्या दिग्दर्शकाला माझं स्क्रॅच आवडलं होतं. तो म्हणाला, हाच आवाज ठेवा, पुन्हा भरूही नका. का, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. इतक्या वर्षांनी कुणी ठेवा म्हणालं, तिथे कोण विचारतं? मी कुणाला सांगितलं नाही. बाबांना नाही, तुला नाही. तुम्ही दोघांनी न सांगता ओळखावं अशी हौस होती.

परवा सार्थकदादाने बोलावलं होतं. तिसरं गाणं एका मोठ्या बाईंकडून पुन्हा भरून घेतलंय. सोमवारपासून मोबाइलवर सगळीकडे ते येईल आणि माझं काढतील. सिनेमात मात्र माझंच राहणार, कारण थिएटरांकडे जाणारी प्रत आधीच तयार झाली. बावीसला लागतोय. जितके दिवस चालेल तितके दिवस मी आहे.

हे तुझ्या लेखामुळे झालेलं नाही. निर्मात्याला सुरुवातीपासून मोठं नाव हवं होतं. तुझं वाक्य मोबाइलवर पुष्कळ फिरलं हे खरं, पण वाक्यं फिरतातच.

आता खुलासा, दुरुस्ती असलं काही छापू नकोस. आणि काही दिवस फोन करू नकोस. रागावले म्हणून नाही. फोनवर बोलताना मी कुणासारखी बोलतेय तिकडे लक्ष जातं हल्ली.

राधा

∗

सदाशिव पेठ, पुणे
१ एप्रिल २०२४

प्रिय राधाताई,

तू छापू नकोस म्हणालीस, तरी तोच विषय काढतेय. आधी पूर्ण वाच.

पहिल्या आठवड्यात माझं धाडस झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात पुण्यात एकच खेळ उरला, दुपारचा, कात्रजकडे. शनिवारी गेले. बसमध्ये मी मनाशी ठरवत होते की गाणं आलं की डोळे मिटायचे, म्हणजे ऐकता येईल. बरं झालं मिटले नाहीत.

हॉल जवळजवळ रिकामा होता. माझ्या पुढच्या रांगेत एक काकू आणि त्यांची सून. सिनेमा इस्पितळात पैसे घेऊन रुग्णांजवळ बसणाऱ्या बाईचा आहे, हे तुला माहीत असेल. मला नव्हतं. गाणी सिनेमाच्या आधी येतात, आम्ही त्यांच्यावर आधी लिहितो, आणि नंतर सिनेमा बघायला कुणी पाठवत नाही. ती बाई एका म्हाताऱ्या आजींच्या उशाशी बसते. आजींची मुलगी परदेशातून यायची आहे. आजींना आता दिसत नाही. त्या हिलाच मुलगी समजतात आणि म्हणतात, ते लहानपणीचं म्हण. हिला ते गाणं येत नाही. ती तरीही म्हणते.

आणि तिथे तुझा आवाज येतो.

पुढच्या काकू सुनेला म्हणाल्या, "ही नोकरीवाली ना गं? मग गातेय कशी अगदी लेकीसारखी?" सून म्हणाली, "लेकीसारखी कुठे, आई? घाबरत गातेय. पकडली जाईल म्हणून." काकू म्हणाल्या, "हो गं. बिचारी." मग खरी मुलगी दारात येते. ही बाई स्टुलावरून उठते, आणि गाणं ओळीच्या मध्येच तुटतं. आमच्याकडे आलेल्या फाइलमध्ये ते पूर्ण होतं.

राधाताई, दुसऱ्याच्या जागी बसून दुसऱ्यासारखं गाणारी बाई दिग्दर्शकाला हवी होती. मोठ्या नावाच्या बाई तिथे गायल्या असत्या तर त्या स्वतःच दिसल्या असत्या. मी ऐकलं ते बरोबर ऐकलं, आणि त्याचा अर्थ साफ चुकीचा लावला. ज्याला मी दोष म्हटलं तेच ते गाणं होतं. घरी येऊन मोबाइलवरचं नवं ऐकलं. सुंदर आहे. त्या सिनेमात ते एक मिनिटही टिकणार नाही.

काल योगेश सरांना सगळं सांगितलं, नात्यासकट. ते म्हणाले, "उत्कर्षाबाई, आपण परीक्षणं छापतो, उपरती छापत नाही." मी उठले नाही. मग म्हणाले, "बहीण आहे हे पहिल्या ओळीत लिहिणार असाल तर खालच्या कोपऱ्यात जागा देतो. लोक हसतील. ते तुमचं तुम्ही बघा."

मला हसू देत. तू फक्त हो म्हण. सिनेमा या गुरुवारी उतरणार आहे, त्यानंतर तो आवाज कुठेच ऐकू येणार नाही. निदान तो होता आणि बरोबर होता, एवढं तरी कुठेतरी छापलेलं असावं.

तुझी,
उत्कर्षा

∗

गोरेगाव, मुंबई
९ एप्रिल २०२४

उत्कू,

नाही.

कारण सांगते. बहिणीने बहिणीसाठी लिहिलं, एवढंच इथे वाचलं जाईल. सार्थकदादा वाईट नाही, पण जिच्या घरातून पेपरात लेख येतात तिला पुन्हा स्क्रॅचला बोलावणार नाही. आणि स्क्रॅच माझं काम आहे. उद्याच आहे एक. तुझ्या मनाला हलकं वाटावं म्हणून मला ते घालवता येणार नाही. हे कठोर लागलं तर लागू दे.

तू सिनेमाचं लिहिलंस ते मी पुष्कळदा वाचलं. त्या काकू आणि त्यांची सून मला पाहिल्यासारख्या दिसतात. मी स्वतः गेले नाही. पहिल्या आठवड्यात रोज ठरवायचे आणि कामाला जायचे. दिग्दर्शकाला आवाज का हवा होता, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला वाटलं होतं, त्याला मी आवडले. त्याला माझी सवय आवडली होती. तू म्हणतेस तेच ते गाणं होतं, आणि ते खरंही असेल. पण उत्कू, मी तिथे त्या बाईसाठी तसं गायले नव्हते. मला तसंच गाता येतं. तू पहिल्यांदा लिहिलंस तेही खरंच होतं, म्हणून दुसरं वाचून पहिलं पुसलं जात नाही.

मागे मी लिहिलं होतं, गाणं तुझ्या लेखामुळे बदललं नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. निर्मात्याच्या मनात आधीपासून होतं, पण दिग्दर्शक अडून बसला होता. त्या सोमवारी स्टुडिओत सगळे जमले होते आणि निर्मात्याच्या माणसाने तुझं वाक्य मोबाइलवरून वाचून दाखवलं. मराठीत वाचलं, मग हिंदीत समजावलं. सगळे हसले. दिग्दर्शकही हसला, आणि हसल्यावर त्याला अडून बसता येईना. मी काचेच्या या बाजूला, त्यांच्यातच उभी होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मीही हसले. कुणी सांगितलं नव्हतं. नेहमीसारखं, समोरचे जसे हसत होते तशी.

तेव्हा बोलता आलं असतं. लिहिणारी माझी बहीण आहे, एवढं म्हटलं असतं तरी सगळे गप्प झाले असते, कदाचित गाणंही टिकलं असतं. मी बोलले नाही. का, ते शोधायला मला महिना लागला. अगं, वाक्य फार चांगलं होतं. ते वाचून संपलं तेव्हा, सगळ्यांच्या हसण्यात, मला क्षणभर वाटलं: आमच्या उत्कूने लिहिलंय.

तुझं लिहिणं सोडू नकोस. पण माझ्या कुठल्याही गाण्याबद्दल मला यापुढे कळवू नकोस. चांगलं असलं तरी नको. फोन कर. अकोल्याला तुझ्या मामीची तब्येत कशी आहे विचार, पुण्यात ऊन किती आहे सांग. मी उचलेन.

राधा